कोपरा सभेत स्वतःबद्दल पाच मिनिटं कसं बोलावं

महापालिकेच्या निवडणुकीला पहिल्यांदा उभी राहणारी पोरं माझ्याकडे भाषण तपासायला आणतात. सुरुवातीलाच ‘संस्कार’ दिसले की मी काट मारते. संस्कार सांगायचे नसतात, घरातलं एखादं काम दाखवायचं.

माझी आई विड्या वळायची. पान भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कातरायचं, तंबाखू भरून दोऱ्यानं बांधायचं. २५ विड्यांची जुडी. मोजताना २४ भरल्या तर सगळी जुडी सोडायला लावायची. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगारांच्या वस्तीत, एवढं सांगितलं की पुढच्या बायका हसतात; त्यांच्या घरीही तेच चाललेलं असतं. एखादं वाक्य तेलुगूत टाका. चुकलं तर चालतं, घोकलेलं नको.

मग सरकार. इथं बहुतेक घसरतात, ‘उजनीचं पाणी रोज आणतो’ म्हणून मोकळे होतात. ७४व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आली, तिच्यात नगरपालिका-महापालिकांकडे सोपवता येणारे १८ विषय, पाणीपुरवठा त्यातलाच. पण अंमलबजावणी आयुक्तांकडे. नगरसेवकाच्या हातात प्रश्न, ठराव, अंदाजपत्रक. म्हणून ‘करतो’ऐवजी ‘कुठं अडलंय ते विचारतो आणि इथंच येऊन सांगतो’ म्हणा. टाळ्या कमी पडतील, पडू द्या.

लेकराबाळांना स्टेजवर आणू नका. मी आणलं होतं. पोरगं माझ्या भाषणातच झोपलं, आणि पेपरात फोटो आला तो त्याचाच.

कागद एकच, अक्षर मोठं. मध्येच लाईट जाते.