घरबसल्या मेनोपॉजची ब्लड टेस्ट: कधी करायची, कशी करायची, रिपोर्ट कसा वाचायचा

ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, सकाळी साडेसहाला सोसायटीच्या गेटवर दूधवाल्याच्या मागे हल्ली लॅबचा मुलगाही रजिस्टरमध्ये सही करत उभा असतो. अ‍ॅपवर बुक केलं की माणूस दारात, त्यामुळे चाळिशी उलटलेली आणि रात्री घामाघूम होऊन पंखा पाचवर करणारी बाई कधी ना कधी "हार्मोन्स चेक करून घेऊ" म्हणतेच. करा की, पण क्रमाने करा, नाहीतर पैसे जातात आणि रिपोर्टवरून कळत काहीच नाही.

पहिलं काम: टेस्ट लागतेय का ते बघा

वय 45च्या पुढे आहे, पाळी कधी वीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी, अंगातून गरम वाफा निघतात, झोप उडालीय, असं असेल तर बहुतेक वेळा हार्मोन टेस्टची गरजच नसते, डॉक्टर लक्षणांवरूनच सांगतात. सलग 12 महिने पाळी आली नाही की मेनोपॉज, ही व्याख्या, आणि त्यासाठी सुई टोचावी लागत नाही. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर जिथे दुधाचे खाडे लिहिता तिथेच पाळीच्या तारखेला गोल करायला लागा.

टेस्टची गरज नसते याचं कारण एफएसएच नावाचं हार्मोन. मेंदूजवळची पिट्युटरी ग्रंथी ओव्हरीला, म्हणजे अंडाशयाला, कामाला लावते ते या हार्मोनने, आणि ओव्हरी दमली की पिट्युटरी एफएसएच अजून वाढवते. पण पाळी जायच्या आधीच्या काही वर्षांत ओव्हरी एखाद्या महिन्यात जोरात चालते, एखाद्या महिन्यात बसून राहते, त्यामुळे आज आकडा चढा आणि पुढच्या महिन्यात एकदम नॉर्मल असं सर्रास होतं. मेडिकलमध्ये युरिनवर करायची जी पट्टी मिळते तीही एफएसएचच बघते, म्हणजे तिचीही तीच गत.

मग टेस्ट कोणी करायची? चाळिशीच्या आत पाळी थांबत चाललीय त्यांनी नक्की, 40 ते 45 वाल्यांनी डॉक्टरांना विचारून, आणि पिशवी काढलीय पण ओव्हरी ठेवल्यात त्यांनीही, कारण त्यांना मोजायला पाळीच नसते. चाळिशीच्या आतल्यांना डॉक्टर बऱ्याचदा 4 ते 6 आठवड्यांनी एफएसएच परत करायला सांगतात. आणि हो, पाळी चुकली असेल तर सगळ्यात आधी प्रेग्नन्सी टेस्ट, हसू नका.

काय बुक करायचं

एफएसएच आणि एस्ट्राडायोल, म्हणजे ओव्हरी बनवते ते हार्मोन. त्याच्यासोबत टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) आणि सीबीसी (हिमोग्लोबिन नि रक्तपेशींची मोजणी), माझ्या मते पैसे खरे वसूल होतात ते इथे. थायरॉइड बिघडला तरी घाम, धडधड, चिडचिड, पाळीचा गोंधळ होतोच, आणि महिनोन्‌महिने जास्त ब्लीडिंग झालं की हिमोग्लोबिन घसरतं आणि तो थकवा "वयाचा" म्हणून अंगावर काढला जातो. पाळी बरेच महिने बंद असेल तर डॉक्टर प्रोलॅक्टिनही, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोनही, तपासायला सांगतात. एएमएच, म्हणजे ओव्हरीतल्या अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी टेस्ट, महाग असते, मेनोपॉज ठरवायला सहसा लागत नाही, सोडून द्या. ऐंशी-नव्वद टेस्टवाल्या वुमन पॅकेजचंही तेच, त्यात तुमच्या कामाच्या चार असतात.

लॅबला एनएबीएल (लॅबची गुणवत्ता तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का ते बघून घ्या, घरी येणारा माणूस ज्या सेंटरचा आहे त्याची नाही, जिथे सॅम्पल मशीनवर चढणार त्या लॅबची.

तारीख आणि आदला आठवडा

पाळी येत असेल तर दुसऱ्या ते पाचव्या दिवसातला स्लॉट घ्या, येत नसेल तर कुठलाही दिवस चालतो. या हार्मोनना उपाशी पोट लागत नाही, सोबत फास्टिंग शुगर असेल तरच चहा थांबवा.

आता खरी गंमत. केस गळतात म्हणून या वयात निम्म्या जणी बायोटिनच्या गोळ्या घेत असतात, "हेअर स्किन नेल" नावाने मिळतात त्याच. काही मशीनच्या टेस्ट केमिकलमध्येच बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तातलं बायोटिन मध्ये घुसतं आणि एफएसएच, टीएसएच खोटे कमी, तर एस्ट्राडायोल खोटं जास्त दिसू शकतं. म्हणजे ओव्हरी दमलेली असताना रिपोर्ट सगळं छान सांगणार. ती गोळी किमान 2-3 दिवस आधी बंद ठेवा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एफएसएचचा भरवसाच नाही, पण त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

सकाळी दारात

घोडबंदर रोडला राहत असाल तर पहिलाच स्लॉट घ्या, नंतर तो मुलगा ट्रॅफिकमध्ये अडकतो आणि तुमचं ऑफिस जातं. रात्री पाणी नीट प्या, शीर पटकन सापडते. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा. हार्मोन आणि थायरॉइडला साधारण पिवळ्या किंवा लाल झाकणाची ट्यूब, सीबीसीला जांभळी. ट्यूबवर तुमचं नाव, वय, बारकोड तो जायच्या आधी चिकटलेलं बघा, "दादा, नाव इथेच लावा" म्हणायला लाजू नका. कापूस पाचेक मिनिटं दाबून धरा.

रिपोर्ट

एफएसएचपुढे एक नाही, चार रेंज असतात: पाळीचा पहिला टप्पा, मधला, नंतरचा आणि पोस्टमेनोपॉजल. बऱ्याच लॅबमध्ये ही शेवटची साधारण 25 ते 135च्या आसपास असते. तुम्ही कुठल्या टप्प्यात आहात हे कॉम्प्युटरला माहीत नसतं, तो बिनधास्त ठळक अक्षरात "हाय" छापतो, तेव्हा घाबरू नका. उलट आकडा नॉर्मल आला म्हणून "तुला काही नाही झालंय, मनाचे खेळ" हे घरच्यांचं ऐकूनही घेऊ नका.

रिपोर्ट, तारखांचा फोटो आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन गायनॅककडे जा, खासगी परवडत नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल किंवा वाशीचं महापालिकेचं हॉस्पिटल आहेच. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा थेंबभरही रक्त दिसलं तर मात्र लॅब बुक करत बसू नका, थेट डॉक्टर गाठा. आणि एफएसएच वाढला म्हणून काळजी मिटली असं समजून गर्भनिरोधक सोडू नका, शेवटच्या पाळीनंतर पन्नाशीच्या आत असाल तर 2 वर्षं आणि पुढे असाल तर 1 वर्ष चालू ठेवायला सांगतात.