वजनकाटा संगणकाला जोडताना: विंडोज आणि उबुंटू

कापसाच्या हंगामात हिंगणघाट, वणी, पांढरकवडा भागात खरेदीच्या काट्यावर गाड्यांची रांग लागते. नेमकं तेव्हाच काट्याचं वजन संगणकात यायचं थांबलं की आकडे हातानं भरावे लागतात. एक आकडा चुकला तरी शेतकऱ्याच्या पट्टीत फरक पडतो. ही जोडणी दसऱ्याआधीच पक्की करून ठेवा.

इंडिकेटरच्या, म्हणजे काट्याचं वजन दाखवणाऱ्या डब्याच्या, मागे बहुतेक वेळा 9 पिनांचा आरएस-232 (सीरियल) पोर्ट असतो. त्याला यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर लागतो. संगणक काट्यापासून दूर असेल तर यूएसबीची वायर ताणू नका, तिची मर्यादा 5 मीटर. सीरियलची वायर 9600 बॉडच्या (सेकंदाला 9600 बिट) वेगाला 15 मीटर सहज चालते, लांबी तिकडं वाढवा.

काटा जोडण्याआधी नुसता कन्व्हर्टर तपासा. त्याच्या 2 आणि 3 नंबरच्या पिना बारीक तारेनं एकमेकींना जोडा, पुटी (PuTTY) या सीरियल पोर्ट उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये तो पोर्ट उघडा, फ्लो कंट्रोल बंद ठेवा आणि एखादं बटण दाबा. अक्षर पडद्यावर उमटलं आणि तार काढताच उमटायचं थांबलं, तर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक. मग काटा जोडा. वेडीवाकडी अक्षरं आली तर बॉड रेट (पाठवण्याचा वेग) किंवा पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) इंडिकेटरशी जुळत नाही. काहीच आलं नाही तर वायरीत 2 आणि 3 ची अदलाबदल करून पाहा; 5 नंबर ग्राउंड, तो तसाच राहू द्या. इंडिकेटर फक्त प्रिंटचं बटण दाबल्यावर वजन पाठवतो का, हेही बघा.

विंडोजमध्ये खरा त्रास कॉम नंबरचा, म्हणजे विंडोज पोर्टला देतं त्या नंबरचा. कन्व्हर्टरमधल्या सीएच340 चिपला सहसा स्वतःचा सीरियल नंबर नसतो, त्यामुळे कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला की कॉम3 चा कॉम5 होतो आणि बिलाचं सॉफ्टवेअर जुन्याच नंबरवर वाट पाहत बसतं. खाच ठरवा, तिच्यावर रंगाचा ठिपका द्या. नंबर बदललाच तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमधून परत आणता येतो. अस्सल एफटीडीआय चिपला सहसा सीरियल नंबर असतो. थोडे पैसे जास्त गेले तरी त्या चिपचाच कन्व्हर्टर घ्यावा.

उबुंटूत ड्रायव्हर आधीच असतो. परवानगी नाकारली तर वापरकर्त्याला 'डायलआउट' गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. उबुंटू 22.04 वर सीएच340 दिसून लगेच गायब होत असेल, तर ब्रेल पडद्यासाठीची 'बीआरएलटीटीवाय' (brltty) सेवा तो पोर्ट पळवते. ब्रेल यंत्र वापरात नसेल तर ती काढून टाका.

लाईन जाऊन आली, वायर हलली की उबुंटूत पोर्टच्या नावातला नंबर बदलून टीटीवाययूएसबी0 (ttyUSB0) चा 1 होऊ शकतो, कारण प्रोग्रामनं जुना पोर्ट धरून ठेवलेला असतो. प्रोग्राममध्ये हा नंबर लिहूच नका. 'सीरियल बाय-आयडी' (/dev/serial/by-id) फोल्डरमधलं नाव द्या. एकसारखे दोन सीएच340 असतील तर 'बाय-पाथ' (by-path) मधलं, ते खाचेवरून ठरतं.

आणि प्रोग्रामनं पहिलंच आलेलं वजन उचलू नये. गाडी डोलत असते. ओळीनं तीन वाचनं सारखी आली तरच नोंद होऊ द्या, आणि पडद्यावरचा आकडा इंडिकेटरशी जुळतो हे शेतकऱ्यालाही दाखवा.