परसबागेत या चुका टाळा: ऊन आणि पाणी न पाहता कुदळ उचलू नका

पर्माकल्चर पद्धतीने, म्हणजे निसर्गाच्या रचनेला धरून आखलेली, परसबाग करायची आहे असे सांगत जे लोक माझ्याकडे येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचा आराखडा आधीच तयार असतो आणि निम्म्यांची रोपेही घरी येऊन पडलेली असतात. अशा वेळी मी एकच प्रश्न विचारतो: डिसेंबरमध्ये भर दुपारी या जागेत सावली कुठवर येते? त्याचे उत्तर आजवर क्वचितच कोणी दिले आहे.

ही विचारपद्धती १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी मांडली. तेथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळे तिकडच्या आराखड्यांत भाजीचे वाफे घराच्या उत्तरेला दाखवलेले असतात आणि आपल्याकडील उत्साही मंडळी ते जसेच्या तसे उतरवून घेतात. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो. म्हणजे दहा फुटी भिंतीची सावली उत्तरेला नऊ फूट पसरते आणि वीस फूट उंच घराची अठरा फूट. मेथी, पालक, कोथिंबीर, टोमॅटो या साऱ्यांचा खरा हंगाम हिवाळा, आणि नेमक्या त्याच दिवसांत तो वाफा अंधारात बसतो. मे महिन्याच्या सुटीत जागा पाहणाऱ्यांची फसगत तर हमखास होते, कारण साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो आणि भिंतीमागचा तो पट्टाही लख्ख उन्हात दिसतो.

यावर माझा उपाय शास्त्रीय वगैरे नाही. महिन्यातून एक दिवस सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावलीच्या कडेवर मी फक्कीची रेघ ओढतो आणि ती वहीत उतरवून घेतो. वर्षभर हे केल्यावर कोणता वाफा कोठे असावा, हे वेगळे ठरवावे लागत नाही. उत्तरेकडच्या सावलीच्या पट्ट्यात मी हळद, आले आणि अळू लावतो. तेथे टोमॅटोचा हट्ट धरत नाही. वर्षभर थांबण्याची तयारी नसेल, तर निदान एक हिवाळा पाहावा. तेवढाही धीर नसलेल्यांनी कुंड्यांत भाजी लावावी, कारण कुंडी निदान उचलून हलवता येते.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. उताराला आडवे समतल चर खणून पाणी जिरवावे आणि चराच्या बांधावर फळझाडे लावावीत, हे पर्माकल्चरमधील सर्वांत लोकप्रिय चित्र होय. आमच्या काळ्या जमिनीत मी असाच पंधरा फूट लांब आणि दीड फूट खोल चर खणला आणि मातीचा बांध करण्याचाही कंटाळा आल्यामुळे अगदी चराच्या काठाशीच पपईची सहा रोपे लावली. जूनच्या पहिल्या पावसाचे पाणी पाहता पाहता नाहीसे झाले आणि मी चार जणांना तो चर कौतुकाने दाखवला. ते पाणी उन्हाळ्यात पडलेल्या भेगांत गेले होते, हे मला तेव्हा उमगले नाही. काळी माती भिजली की फुगते आणि भेगा मिटतात. जुलैच्या झडीत त्याच चरात चार दिवस पाणी साचून राहिले. पपईची पाने पिवळी पडून लोंबू लागली, बुंधे जमिनीलगत मऊ झाले आणि सहापैकी चार झाडे आडवी झाली. त्यांची मुळे उपटली तेव्हा गटारासारखा वास आला.

चराची कल्पना चुकीची नाही. मुरमाड, पाणी झटकन सोडणाऱ्या जमिनीत ती उत्तम काम करते. म्हणून खणण्याआधी एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, ते जिरले की पुन्हा भरावा आणि दुसऱ्या खेपेचे पाणी पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते खड्ड्यात दिसत असेल, तर चराचा विचार सोडून नऊ ते बारा इंच उंचीचे गादीवाफे करावेत. माझा चर मी काटक्या आणि पालापाचोळ्याने भरला, त्याच्या खालच्या टोकाला पाण्यासाठी वाट काढून दिली आणि वाटेच्या तोंडाशी केळी लावली. आपल्याकडे मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू लावण्याची रीत जुनीच आहे. तिला परदेशी नाव मिळाल्यावर लोक शुल्क भरून ती शिकतात, याची मला गंमत वाटते.

पालापाचोळ्याचे आच्छादन बुंध्याला भिडवू नये. चार बोटे जागा मोकळी सोडावी, अन्यथा पावसाळ्यात खोड कुजते. अर्धवट कुजलेले शेणखत वाफ्यात घालणे म्हणजे मुळे खाणाऱ्या हुमणी अळीला घरात बोलावणे होय. माझा ढीग सहा महिने होईपर्यंत मी त्याला हात लावत नाही. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट सुका पाला घातला, तर खताच्या खड्ड्याला दुर्गंधी येत नाही, आणि येऊ लागलीच तर विरजणाची पुडी विकत आणण्याऐवजी पाला वाढवावा. नत्रासाठी सुबाभूळ लावू नये, कारण तिचे बी सर्वत्र पसरते आणि पुढे ती उपटत बसावे लागते. गिरिपुष्पाची फांदी खोचावी किंवा वाफ्याच्या कडेने तूर टोकावी, म्हणजे शेंगाही मिळतात. पुदिना कुंडीतच बरा.

शेवगा तीन-चार फुटांचा झाला की त्याचा शेंडा खुडावा, हे मी सर्वांना सांगतो आणि हिरव्यागार झाडाला कात्री लावण्याचा धीर जवळजवळ कोणालाच होत नाही. मग झाड वीस फुटांवर जाते आणि शेंगा शेजाऱ्यांच्या गच्चीवरून काढाव्या लागतात.