गेमचा डेटा एक्सएमएलमध्ये ठेवताना दशांश चिन्ह सांभाळा

शत्रूचा वेग, तलवारीची किंमत, लेव्हलची लांबी हे आकडे सी शार्पच्या कोडमध्ये कोंबू नका. एक्सएमएल फाइलमध्ये (टॅग लावून माहिती ठेवायची साधी मजकूर-फाइल) ठेवा, म्हणजे एका आकड्यासाठी अख्खा गेम पुन्हा बिल्ड करावा लागत नाही.

१. एका वस्तूला एक टॅग. आकडे अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, लांबलचक संवाद टॅगच्या पोटात.

<शत्रू नाव="वेताळ" वेग="1.5" ताकद="40" />

हो, टॅग देवनागरीत चालतात. १९९८ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून एक्सएमएल युनिकोडवरच उभं आहे. आकडे मात्र इंग्रजीच हवेत. सी शार्प ज्यावर चालतं त्या डॉटनेटचा पार्सर, म्हणजे मजकुराचा आकडा करणारा कोड, देवनागरी अंक स्वीकारत नाही.

२. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.

३. गेम सुरू होताना एकदाच एक्सडॉक्युमेंट.लोडने उघडा.

४. आता मजकुराचा आकडा करायचा. इथे सावकाश.

बहुतेक ठिकाणी सरळ 'फ्लोट.पार्स' करायला सांगतात, म्हणजे मजकुराचा दशांश आकडा करणारी डॉटनेटची नेहमीची आज्ञा. ती मशीनच्या देशाचे नियम पाळते. हा सल्ला घातक आहे. माझा गेम पुण्यात महिनाभर उत्तम चालला. म्युनिकच्या मित्राला पाठवला, तर वेताळ पडद्यावर दिसायच्या आत खेळाडू मेलेला. दोन रात्री मी धडक तपासणारा कोड उसवत बसलो. चूक तिथे नव्हतीच. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम असतो आणि टिंब हजार वेगळे करायला. त्याच्या विंडोजवर 1.5 चे 15 झाले होते, तेही एकही एरर न देता. आपल्याकडे दशांशाला टिंबच असल्यामुळे हा दोष घरच्या मशीनवर कधीच दिसत नाही.

फक्त वाचन सुधारून भागत नाही. सेव्ह करताना आकड्याचा मजकूर करायला साधं 'टूस्ट्रिंग' वापरलंत, तर जर्मन मशीन फाइलमध्ये 1,5 लिहितं, आणि 'इनव्हेरियंट कल्चर' (कुठल्याच देशाचे नसलेले, टिंबाला दशांश धरणारे ठरावीक नियम) देऊन केलेला फ्लोट.पार्ससुद्धा ते 15 वाचतो.

म्हणून लिहिताना 'एक्सएमएलकन्व्हर्ट.टूस्ट्रिंग' आणि वाचताना 'एक्सएमएलकन्व्हर्ट.टूसिंगल', दोन्हीकडे हेच. मशीन कुठल्याही देशातलं असो, दशांशाला टिंबच धरलं जातं. चुकून 1,5 आलंच तर ते गपचूप गिळलं जात नाही, तिथेच एक्सेप्शन, म्हणजे एरर, येतं. मला तेच हवं असतं.

५. तपासा. मेनच्या (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनच्या) पहिल्याच ओळीत करंटकल्चर, म्हणजे प्रोग्राम पाळतो ते देशाचे नियम, जर्मन करा. गेम सेव्ह करा, बंद करा, पुन्हा उघडा. वेताळ आधीच्याच चालीने आला, तरच बिल्ड बाहेर पाठवा.