‘सूज कमी करतो’ म्हणणारा रिसर्च पेपर वाचायचा कसा

हळद, आलं, शेवगा, गुळवेल नाहीतर लॅबमध्ये बनवलेलं एखादं नवीन कंपाउंड, कशाचाही पेपर उघडा, ॲबस्ट्रॅक्टच्या शेवटच्या ओळीत ‘प्रॉमिसिंग अँटी-इन्फ्लमेटरी एजंट’ हमखास सापडतं. मग त्याची बातमी होते, बातमीचा फॉरवर्ड होतो आणि कुणाची तरी मावशी गुडघ्यांसाठी कॅप्सूल मागवून मोकळी होते. बीफार्म, एमफार्म, बायोटेकवाली पोरं आणि ज्यांना असले पेपर चाळायची खाज आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. ॲबस्ट्रॅक्टवर थांबू नका, सरळ मेथड्समध्ये घुसा आणि तिथे एवढंच शोधा की हे कशावर टेस्ट केलं, किती डोसला केलं आणि कशाशी तुलना केली.

आधी साखळी डोक्यात पाहिजे. पेशीच्या आवरणातल्या लिपिडमधून फॉस्फोलिपेज हे एन्झाइम ॲराकिडॉनिक ॲसिड सोडवतं, त्यावर सायक्लोऑक्सिजनेज म्हणजे कॉक्स काम करतं आणि पुढे प्रोस्टाग्लँडिन्स बनतात, त्यांच्यामुळे सूज, दुखणं, ताप वगैरे. ॲस्पिरिन १८९९ पासून विकायला होतं पण ते प्रोस्टाग्लँडिन बनणंच अडवतं हे जॉन वेन यांनी दाखवलं १९७१ मध्ये, म्हणजे सत्तर वर्षं लोक गोळी गिळत होते आणि ती का लागू पडते ते कुणालाच धड माहीत नव्हतं! (वेन यांना १९८२ चं नोबेल मिळालं, दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसोबत.) पुढे १९९१ च्या आसपास कळलं की कॉक्स एक नाही, दोन आहेत. कॉक्स-१ बऱ्याच ठिकाणी कायम चालू असतं, जठराचं अस्तर सांभाळतं, प्लेटलेट्समध्ये रक्त गोठवायला मदत करणारं थ्रॉम्बॉक्सेन बनवायला लागतं. कॉक्स-२ मुख्यतः सूज आली की वाढतं, पण किडनीत आणि रक्तवाहिन्यांच्या कामात त्याचाही रोजचा वाटा असतो, हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. दोघांच्या अमिनो ॲसिडच्या साखळीत ५२३ नंबरच्या जागेवर फरक आहे, कॉक्स-१ मध्ये आयसोल्युसिन आणि कॉक्स-२ मध्ये त्याहून लहान व्हॅलिन, तेवढ्यानं बाजूला एक कप्पा मोकळा होतो आणि सेलेकॉक्सिबसारखं फक्त कॉक्स-२ ला धरणारं औषध (कॉक्सिब) बरोबर तिथे शिरतं.

आता मेथड्स. आपल्याकडच्या कॉलेजांच्या पेपर्समध्ये सारखी दिसणारी टेस्ट म्हणजे अल्ब्युमिन डीनॅचरेशन. अंड्याचं पांढरं किंवा बोव्हाइन सिरम अल्ब्युमिन घ्यायचं, त्यात अर्क टाकायचा, गरम करायचं आणि ६६० नॅनोमीटरला गढूळपणा मोजायचा, कमी गढूळ झालं की अर्क अँटी-इन्फ्लमेटरी. जोडीला लाल रक्तपेशींची मेम्ब्रेन स्टॅबिलायझेशन, म्हणजे अर्क घातल्यावर पेशींचं आवरण फुटायचं किती थांबतं ते. स्वस्त आहे, एका दिवसात होतं, प्राणी लागत नाहीत, एथिक्स कमिटीच्या मागे फिरायला नको, डिपार्टमेंटला ग्रँट तेवढीच असेल तर पोरं तरी काय करणार. पण यात एन्झाइमच नाही हो! कॉक्स नाही, मॅक्रोफेज नाही, सूज येणारं काहीच नाही. अर्कात टॅनिन्स असतील तर ती प्रोटीनला चिकटतात, वर अर्काचा स्वतःचा रंग रीडिंगमध्ये घुसतो, म्हणून नुसत्या अर्काचा वेगळा ब्लँक घेतलाय का ते बघा. पेपरमध्ये एवढी एकच टेस्ट असेल तर पीडीएफ बंद करायला हरकत नाही.

त्याच्या वरची पायरी म्हणजे पेशी. उंदराच्या मॅक्रोफेजची (रोगप्रतिकारक पेशी) रॉ २६४.७ ही लाइन वापरतात, तिला एलपीएस म्हणजे बॅक्टेरियाच्या आवरणातला घटक देऊन चिडवायचं, मग ग्रिस रिएजंटने नायट्राइट मोजायचं, म्हणजे नायट्रिक ऑक्साइड सिंथेज हे एन्झाइम किती चढलंय याचा अंदाज येतो. इथे पहिला प्रश्न एकच, त्याच डोसला पेशी जिवंत होत्या का? मेलेली पेशी पण नायट्राइट बनवत नाही, तेव्हा एमटीटीचा (पेशी जिवंत आहेत का मोजणारी टेस्ट) ग्राफ शेजारी नसेल तर सूज कमी झाली की पेशीच गेल्या हे कळायला मार्ग नाही. आणि अर्क ज्यात विरघळवतात त्या डीएमएसओचा कंट्रोल हवाच.

मग येतो आयसी-५०. एन्झाइमचं काम निम्मं करायला किती कॉन्सन्ट्रेशन लागलं तो आकडा, जितका कमी तितकं कंपाउंड जोरदार. पण एका पेपरचा आयसी-५० दुसऱ्या पेपरच्या आकड्याशेजारी ठेवू नका, कारण सबस्ट्रेट किती घातलं, एन्झाइमसोबत किती वेळ आधी ठेवलं यावर तो बदलतो, कॉक्सिब्जच्या बाबतीत तर फारच, ती हळूहळू पकड घेतात. त्याच प्लेटवर सेलेकॉक्सिब किंवा इंडोमेथासिन यांसारखं माहितीतलं औषध चालवलं होतं का, त्याचा आकडा काय आला, एवढंच बघा. सिलेक्टिव्हिटीचा (फक्त कॉक्स-२ अडवतं असा) दावा असेल तर ‘होल ब्लड ॲसे’ ही टेस्ट शोधा, त्यात माणसाच्या ताज्या रक्तात दोन्ही कॉक्स मोजतात, कॉक्स-१ साठी रक्त गोठताना बनणारं थ्रॉम्बॉक्सेन आणि कॉक्स-२ साठी एलपीएस दिल्यावर बनणारं प्रोस्टाग्लँडिन ई-२. शुद्ध एन्झाइमवर भारी दिसणारं औषध इथे कधीकधी गळपटतं कारण रक्तातली प्रोटीन्स त्याला धरून ठेवतात.

एक सोपा हिशोब सांगतो, हा मी प्रत्येक अर्काच्या पेपरला लावतो. समजा आयसी-५० आहे २५० मायक्रोग्रॅम प्रति मिली. माणसात साधारण ५ लिटर रक्त, म्हणजे तेवढं कॉन्सन्ट्रेशन यायला सव्वा ग्रॅम अर्क एकाच वेळी रक्तात पाहिजे, तोही सगळाच्या सगळा पचून, लिव्हरने काहीही न काढता. होणारे का असं? हळदीचं दुखणं नेमकं हेच आहे. कर्क्युमिन डिशमध्ये कितीतरी एन्झाइम्स अडवतं, पण ग्रॅमच्या हिशोबात खाल्लं तरी रक्तात मोकळं कर्क्युमिन अगदी किरकोळ सापडतं. त्यात ते स्वतः पिवळं, चमकतं, अस्थिर आहे, कशालाही चिकटतं, त्यामुळे टेस्टलाच चकवतं, आणि यावर २०१७ मध्ये मेडिसिनल केमिस्ट्रीच्या एका मोठ्या जर्नलमध्ये चांगलाच झोडपणारा आढावा आलाय. बेंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरीन दिलं तर शोषण २०००% वाढलेलं दिसलं, तेव्हापासून कॅप्सूलमध्ये काळी मिरी आलीच. पण मूळ आकडाच इतका लहान की एवढं वाढूनही फार काही होत नाही, आणि अशा कॅप्सूल घेणाऱ्यांत लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस इटलीत आणि अमेरिकेत नोंदल्या गेल्यात, म्हणून मावशीला सांगा की चालू गोळ्यांसोबत हे घेत असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. कुणी म्हणेल माशेलकरांनी हळदीचं पेटंट लढून सोडवलं ना? सोडवलं, १९९७ मध्ये, पण ते रद्द झालं कारण जखमेला हळद लावणं आपल्याला आधीपासून माहीत होतं. गुडघ्याला कॅप्सूल लागू पडते की नाही याचा त्या निकालाशी काही संबंध नाही.

मोठ्या उंदरांच्या (रॅट) टेस्टमध्ये १९६२ पासून चालत आलेली कॅराजिनन पॉ एडिमा असते, पंजात १% कॅराजिनन ०.१ मिली टोचायचं आणि प्लेथिस्मोमीटरवर पंजा किती फुगला ते तासातासाला मोजायचं. पहिल्या तासाभरात हिस्टामिन-सिरोटोनिनचं काम, प्रोस्टाग्लँडिन्स नंतर, म्हणून कॉक्सबद्दल बोलायचं तर तीन तासांनंतरचे आकडे बघा. अर्क बहुतेक वेळा आधीच पाजलेला असतो, पेशंट मात्र सूज आल्यावर येतो. डोस ४०० मिलिग्रॅम प्रति किलो असेल तर त्याला ६.२ ने भागा, माणसाचा साधारण तुल्य डोस निघतो, ६० किलोच्या माणसाला जवळपास ४ ग्रॅम अर्क. मोजणाऱ्याला कुठला ग्रुप कुठला हे माहीत होतं का, तेही तपासा.

माणसांवरची ट्रायल असली तरी सुटका नाही, उलट इथेच जास्त डोळे उघडे ठेवायचे. रोफेकॉक्सिब म्हणजे व्हायॉक्स घ्या, मर्क कंपनीचं कॉक्स-२ अडवणारं औषध. २००० मध्ये व्हिगर ट्रायल छापली गेली, आठ हजारांवर संधिवाताचे पेशंट, समोर तुलनेला नेप्रोक्सेन हे जुनं वेदनाशामक. पोटाचे गंभीर त्रास निम्म्यावर आले, मस्त. पण हार्ट अटॅक रोफेकॉक्सिबवाल्यांत ०.४% आणि नेप्रोक्सेनवाल्यांत ०.१%. कंपनीचं म्हणणं पडलं की आमचं औषध वाईट नाही, नेप्रोक्सेनच हृदयाला सांभाळतं, आणि ट्रायलमध्ये प्लासिबो (औषध नसलेली गोळी) ग्रुपच नव्हता त्यामुळे तिथल्या तिथे खोडताही येईना. शिवाय तीन हार्ट अटॅक त्या पेपरात आलेच नव्हते, हे तो छापणाऱ्या जर्नलनेच २००५ मध्ये जाहीर केलं. नंतरच्या अप्रूव्ह ट्रायलमध्ये प्लासिबो होता, १८ महिन्यांनंतर फरक स्पष्ट दिसला आणि सप्टेंबर २००४ मध्ये मर्कने औषध जगभरातून मागे घेतलं, आपल्याकडेही त्याच वर्षअखेर बंदी आली. कारण म्हणून सगळ्यात जास्त मानलं जातं ते असं, की रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवणारं प्रोस्टासायक्लिन बरंचसं कॉक्स-२ वर बनतं, ते अडवलं आणि प्लेटलेट्समधलं थ्रॉम्बॉक्सेन तसंच चालू राहिलं तर गुठळीकडे कल जातो. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठीच. तेव्हा प्रत्येक ट्रायलमध्ये समोर कोण उभं होतं आणि किती महिने बघितलं, हे आधी शोधायचं. सहा आठवड्यांची ट्रायल दुखणं कमी झालं का ते सांगेल, दीड वर्षानंतर दिसणारा धोका तिला सापडणारच नाही.

भारतातली ट्रायल असेल तर पेपरमध्ये सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नंबर असतो, तो त्यांच्या साइटवर टाका, फुकट आहे. १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंदणी करावी लागते. तिथे प्रायमरी आउटकम (मुख्यतः काय मोजणार ते) काय लिहिलं होतं ते वाचा आणि पेपरमधल्या प्रायमरी आउटकमशी ताडून बघा. नोंदताना ‘१२ आठवड्यांनी दुखण्याचा स्कोअर’ आणि छापताना ‘४ आठवड्यांनी सीआरपी (सुजेचा रक्तातला खुणेचा आकडा)’ असं असेल तर मधल्या काळात काय झालं असेल ते सांगायची गरज नाही.