जुन्या गाडीची वायरिंग: आधी मोजा, मग पार्ट बदला

कोल्हापुरात जून लागला की जुन्या गाड्यांच्या वायरिंगच्या तक्रारी डोकं वर काढतात. सकाळी सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) नुसता 'टिक' करून गप्प बसतो, ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो, हॉर्न वाजवला की हेडलाइट मंदावतात. मग बॅटरी बदला, सेल्फ बदला, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) बदला असं सुरू होतं. पण मारुती ८००, ओम्नी, पद्मिनी किंवा अँबॅसिडर अशा वीस-तीस वर्षं चाललेल्या गाडीत बऱ्याचदा पार्ट शाबूत असतो आणि जोड गेलेला असतो. थिंबलखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंज चढलेला असतो, कनेक्टरची पिन हिरवी पडलेली असते किंवा बॉडीला दिलेली अर्थिंग (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारा जोड) नावालाच उरलेली असते. म्हणून शोध जोडांपासून सुरू करा.

हत्यारं फार लागत नाहीत. एक साधा डिजिटल मल्टीमीटर, दोन वायरी जोडलेला २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब, पॉलिश पेपर आणि १० नंबरचा पाना एवढं पुरतं. बल्ब हवाच, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. आतून तुटून एकच तार शिल्लक राहिलेली वायरही मीटरवर झकास १२.५ व्होल्ट दाखवते. तिथे बल्ब लावला की पावणेदोन अँपिअर ओढले जातात आणि वायरची खरी अवस्था लगेच कळते.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ किंवा त्याखाली म्हणजे रिकामी; तिला आधी चार्ज करा, नाहीतर पुढचं सगळं मोजमाप फसवं ठरेल. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊ व्होल्टच्या खाली गेली तर बॅटरी संशयित. टर्मिनलवर पांढरं-हिरवं चढलं असेल तर ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून धुवा, फक्त ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलं आणि पाना पॉझिटिव्हवर असताना बॉडीला टेकला, तर ठिणगी कुठली आणि पाना कुठला हे कळायच्या आत काम झालेलं असतं.

आता या सगळ्यातली सगळ्यात कामाची आणि गॅरेजमध्ये सगळ्यात कमी होणारी चाचणी. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (त्यावर आवळलेल्या वायरच्या क्लँपवर नव्हे, खांबावरच) आणि दुसरं इंजिनच्या स्वच्छ उघड्या धातूवर धरा. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत हवा. एक व्होल्ट दिसला तर अर्थिंगचा मार्ग खराब आहे, सेल्फ निर्दोष. मग बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब आणि सेल्फची जाड तार येते तो बोल्ट यांच्यामध्ये तसंच मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. हेच काम ओहम मोजून का होत नाही? छोट्या गाडीचा सेल्फसुद्धा सुरुवातीला शंभरेक अँपिअर ओढतो. जोडात ०.०१ ओहम जरी रोध असला तरी तिथेच एक व्होल्ट जातो, आणि एवढा बारीक रोध साध्या मीटरला दिसत नाही.

अर्थिंग दुरुस्त करायची म्हणजे बोल्ट आवळून सोडून द्यायचं नाही. थिंबल काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चमकवा, घट्ट बसवा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. अर्थिंगची जुनी पट्टी काळी पडून कुरकुरीत झाली असेल तर नवीन केबल करून घ्या. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जाडी आणि लांबी सांगितली की लग (केबलच्या टोकाचं थिंबल) दाबून केबल तयार मिळते. हातोडीने चेपलेला लग मात्र घेऊ नका.

अर्थिंग ठीक असूनही 'टिक' होतंच असेल तर सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट सोडणाऱ्या विजेच्या स्विचच्या) बारीक वायरवर चावी मारताना किती व्होल्ट येतात ते पाहा. तिथे आठ-नऊच दिसले तर इग्निशन स्विच झिजलेला आहे. त्या वायरवर रिले (छोट्या करंटने मोठा करंट सोडणारा स्विच) बसवला की स्विचवरचा भार उतरतो.

चार्जिंग तपासायला इंजिन चालू करून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर १३ च्या खाली घसरलं तर आधी पट्टा बघा, मग अल्टरनेटरचे कार्बन ब्रश. १५ च्या वर गेलं तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला. बॅटरी उकळून बल्ब पटापट उडायला लागतील. बऱ्याच जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवाच अल्टरनेटरला जागा करतो, म्हणजे चार्जिंग सुरू करून देतो. चावी ऑन केल्यावर तो लागतच नसेल तर अल्टरनेटर उतरवण्याआधी तो बल्ब तपासा. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग बघायची' जुनी खोड सोडा. ती डायनॅमोच्या जमान्यातली. अल्टरनेटरचे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) त्यात जातात.

दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते? मग कुठेतरी करंट झिरपतोय. सगळं बंद करा, निगेटिव्ह क्लँप काढा आणि क्लँप व खांब यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरवर लावा. या वेळी चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल. जुन्या गाडीत ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर विसरा. अर्धा अँपिअर असेल तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत रिकामी. एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, ती लाइन चोर. बहुतेक वेळा बाहेरून बसवलेला टेप, सेंट्रल लॉक किंवा डिकीचा न विझणारा दिवा सापडतो. सगळे फ्यूज काढूनही आकडा पडत नसेल तर क्लँप सुटलेला असतानाच अल्टरनेटरची जाड वायर काढा आणि पुन्हा मोजा; आता आकडा पडला तर डायोड गळतोय.

फ्यूज सारखा उडतो तेव्हा मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद घालणं म्हणजे आग लावायची तयारी. चपट्या ब्लेड फ्यूजमध्ये १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. रंग बदलायचा नाही. फ्यूजच्या जागी तो २१ वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर तो भक्क पेटेल, पण वायर जळणार नाही. आता हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत, कनेक्टर सोडवत जा. जिथे बल्ब विझेल किंवा मंद होईल तिथे शॉर्ट आहे. दाराच्या बिजागरीजवळचा रबर, डिकीच्या झाकणाची वायर आणि उंदरांनी कुरतडलेली बोनेटखालची बाजू आधी बघा.

हेडलाइट मंद असतील तर ते चालू असताना बल्बच्या कनेक्टरवर मोजा. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड साधारण तीस टक्के पडतो. ५५ वॅटचे दोन बल्ब नऊ अँपिअर ओढतात आणि तो सगळा करंट जुन्या स्विचमधून येतो. १०० वॅटचे बल्ब टाकणं हा उपाय नाही, त्याने होल्डर वितळतो. बॅटरीवरून फ्यूजसह २.५ चौरस मिमीची वायर आणि दोन रिले टाका (३० ला बॅटरी, ८७ ला बल्ब, ८५ ला अर्थ, ८६ ला स्विच). गगनबावड्याच्या घाटात फरक कळेल.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो तो मागच्या दिव्याच्या अर्थिंगमुळे. इंडिकेटर भरभर मारतो तेव्हा एक बल्ब गेलेला असतो किंवा कुणीतरी एलईडी टाकलेला असतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तशी गाडी पाण्यात गेली तर चावी ऑनसुद्धा करू नका. पहिल्यांदा बॅटरीचा निगेटिव्ह काढा. गाळ वाळायच्या आत कनेक्टर उघडून स्वच्छ पाण्याने धुवा, कॉम्प्रेसरची हवा मारा, मग कॉन्टॅक्ट क्लीनर. कार्पेट उचला, खालून हार्नेस जातो. सेल्फ आणि अल्टरनेटर खोलून कार्बनमधला गाळ काढल्याशिवाय चालवू नका. भिजलेल्या वायरमध्ये पाणी आत ओढलं जातं, म्हणून काळी पडलेली तार चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा, सोल्डर करा, वर हीट-श्रिंक नळी चढवा. पंधरा दिवसांनी तेच कनेक्टर पुन्हा उघडून बघा. हिरवं दिसलं तर घासत बसू नका, पिन बदला.