घरातल्या सगळ्यांकडून एकाच गल्लीचा नकाशा काढून घ्या, मग बघा

मागच्या मे महिन्यात एका दुपारी लाईट गेली, वायफाय बंद, पोरगं कंटाळून सोफ्यावर उलटं लटकलेलं. मी आपला टाईमपास म्हणून सगळ्यांना एकेक कागद दिला आणि म्हटलं घरापासून अर्ध्या किलोमीटरचा नकाशा काढा, मनानेच काढायचा, मोबाईल बघायचा नाही. आम्ही कोथरूडला राहतो, पंधरा वर्षं झाली, त्यामुळे सगळ्यांना सगळं माहितीय असंच वाटत होतं मला. अर्ध्या तासाने कागद शेजारी शेजारी ठेवले तर चार जणांची चार गावं! त्यानंतर हा उद्योग मी मित्रांकडे केला, गावाकडे केला, तर आता कसं करायचं ते लिहूनच टाकतो, कारण दोन-तीन गोष्टी चुकल्या की सगळी मजा जाते.

पहिलं म्हणजे पेन्सिल देऊ नका, बॉलपेन द्या. खोडरबर हातात आला की माणूस चित्रकलेची परीक्षा द्यायला बसतो. रेघा वाकड्या आल्या तर येऊ देत. दुसरं, सगळ्यांना वेगवेगळ्या कोपऱ्यात बसवा, एकाने "अगं त्या मेडिकलचं नाव काय" विचारलं की संपलं, मग सगळ्यांच्या कागदावर ते मेडिकल येतं. तिसरं, उत्तर दिशा कुठे, घर कुठे काढायचं हे सांगू नका. आणि हे महत्त्वाचं, जे जे काढतील त्याच्या बाजूला बारीक आकडा टाकायला सांगा, आधी काय काढलं त्याला १, मग २, असं. वेळ वीस मिनिटं, त्यापेक्षा जास्त दिला की लोक आठवून आठवून उगाच भर घालतात.

आता बघायचं काय. केविन लिंच म्हणून एक अमेरिकन नगररचनाकार होता, त्याने बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या लोकांना असेच नकाशे काढायला लावले होते, आणि १९६० साली मांडलं की माणसाच्या डोक्यातलं शहर पाच गोष्टींचं असतं: वाटा, कडा, भाग, नाके आणि खुणा. त्यातल्या कडा आधी शोधा असं मी सांगेन, म्हणजे कागदावर जिथे माणूस थांबलाय ती जागा. नदी, रूळ, मोठा रस्ता, काहीही असेल. मुंबईकरांना हे सांगायला नको, त्यांचं सगळं रुळांच्या ईस्टला नाहीतर वेस्टला असतं.

माझा कागद सांगतो. १ नंबरला मेन रोड, २ ला पेट्रोल पंप, मग स्पीडब्रेकर (तीन, अगदी बरोबर जागेवर), गाडी लावायला जागा कुठे मिळते ते, मामा (म्हणजे ट्रॅफिक पोलीस) कुठे उभे असतात ते. फूटपाथ एकही नाही, कारण मी स्कूटरवरून उतरतो कुठे.

बायकोच्या कागदावर एका बोळावर आडव्या रेघा मारलेल्या होत्या. म्हटलं हे काय, इथे काय खोदलंय का? तर म्हणाली, "तिथले दिवे बंद असतात, रात्री क्लासवरून येताना मी तिकडून येतच नाही, देवळाकडून वळसा घालते." आता त्या बोळातून मी रोज रात्री येतो. रोज. पण माझ्या गाडीचा दिवा चालू असतो ना, त्यामुळे वरचे बंद आहेत हे मला कधी दिसलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम चालत गेलो तर चारपैकी तीन खांब बंद. ती म्हणे वर्षभर तसेच आहेत.

पोराच्या नकाशात सगळ्यात मोठी इमारत कुठली असेल? समोरच्या सोसायटीतल्या बॉल परत न देणाऱ्या काकांचा बंगला. प्रत्यक्षात ते एकमजली घर आहे हो. त्याखालोखाल शेरूची जागा (शेरू म्हणजे कुत्रा), कुल्फीवाला कुठे थांबतो ते, आणि कंपाउंडला भगदाड आहे ते. आमचं घर १७ नंबरला आलं.

यात घरातलेच लोक घेऊ नका फक्त. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना मी जरा संकोचतच विचारलं, त्या हसल्या, मग पेन घेऊन बसल्या. त्यांच्या नकाशात आमच्या बिल्डिंगचं तोंड मागच्या बाजूला होतं. मला वाटलं चुकलं, पण नाही, मागे एक छोटं गेट आहे, त्या तिथूनच येतात कारण तिकडून बसस्टॉप जवळ पडतो. मला ते गेट जेमतेम माहिती होतं. प्रत्येक बिल्डिंगवर त्यांनी एक खूण केलेली, फुली किंवा गोल. फुली म्हणजे तिथे कामवाल्यांना लिफ्ट वापरू देत नाहीत. मी मोजल्या, सहा बिल्डिंगींपैकी दोनवर फुल्या होत्या. त्यातली एक सात मजल्यांची आहे.

कागदावर किती मोठा परिसर मावलाय तेपण बघा. लॉस एंजेलिसच्या नगर नियोजन खात्याने १९७१ साली वेगवेगळ्या वस्त्यांतल्या लोकांच्या मनातले नकाशे मांडले होते. वेस्टवुडसारख्या श्रीमंत भागातल्या लोकांच्या डोक्यात जवळपास अख्खं शहर होतं, आणि बॉइल हाइट्सच्या स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांच्या नकाशात आसपासचे थोडे रस्ते, सिटी हॉल आणि बस डेपो. एकाच शहरातले लोक. गाडी कुणाकडे आहे, काम कुठे मिळतं, भाषा कुठली चालते, सगळं उतरतं त्या कागदावर.

मग नावं वाचा. मी एका चौकाला अजून "एटीएमपाशी" म्हणतो, ते एटीएम बंद होऊन तीन वर्षं झाली. अर्थात पुण्यात हे चालायचंच, नळ स्टॉपला नळ कुठाय असं कोण विचारतं, आणि खुन्या मुरलीधर, पत्र्या मारुती हे तर देवांचे पत्ते आहेत आमच्याकडे. गावाकडे केलं तर आणखी मजा येते, तिथे डावं-उजवं कमीच, वरची आळी, खालची आळी, उगवतीला, मावळतीला. कोकणातली माझी मावशी पाहुणे "देशावरून आले" म्हणते, म्हणजे घाट चढून वर जो मुलूख लागतो तो देश. कोकणातून बघितलं तरच ते नाव लागू पडतं, आम्ही देशावरच राहतो आणि आम्हाला कधी सांगावं लागत नाही.

पोरं शाळेत असतील तर भिंतीवरचा जगाचा नकाशापण आणा मध्ये. बऱ्याच ठिकाणी दिसतो तो मर्केटर पद्धतीचा, १५६९ सालचा, जहाजं हाकायला केलेला. त्यात दिशा नीट मिळतात पण ध्रुवांकडचे देश फुगतात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका त्याच्या साधारण चौदापट आहे. आणि आपला भारत ग्रीनलंडच्या दीडपट! माझ्या पोराने हे ऐकून काकांच्या बंगल्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला मग माझं काय चुकलं.

शेवटचं काम म्हणजे दुसऱ्याचा कागद हातात घेऊन त्याच्या वेळेला त्याच्या वाटेने चालायचं. हे टाळू नका, आळस येतो पण टाळू नका. मी बायकोचा कागद घेऊन रात्री साडेनऊला निघालो, दिव्यांची तक्रार त्यानंतरच केली, खांबांवरचे नंबर फोटो काढून दिले. दोन लागले, एक अजून बंदच आहे. कागदांच्या मागे तारीख टाकून ठेवा, वर्षाने परत करायला.

आईचा कागद मुद्दाम मागे ठेवला होता. तिच्या नकाशात देऊळ, गिरणी, आणि बसता येईल अशा चार पायऱ्या, दुकानांच्या, कट्ट्याच्या. मेन रोडला सगळं संपलेलं. पलीकडे तिची लायब्ररी आहे, कितीतरी वर्षं मेंबर आहे ती, म्हटलं ती का नाही काढलीस? म्हणाली, "तिकडे जायचं म्हणजे रस्ता ओलांडायचा ना रे." गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती गेलीच नव्हती आणि मी तिला विचारलंपण नव्हतं. पुढच्या सोमवारी तिचा हात धरून निघालो. सिग्नलला पंचवीस सेकंद मिळतात, आम्ही दुभाजकापाशी पोचलो तेव्हा आठ उरले होते, तिथेच थांबलो, पुढच्या सिग्नलला उरलेला रस्ता. पलीकडे पोचलो तर लायब्ररी सोमवारी बंद.